उन्हाला नाही, ऑगस्टला जपा : अंगणातले प्रश्न

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, झाला, आता मृगाची वाट बघणं सुरू आहे, आणि या महिन्यात आलेल्या पत्रांत अन् मेसेजेसमध्ये एकच रडगाणं आहे, झाडं जळाली. कुणाचा गुलाब गेला, कुणाच्या जास्वंदाची पानं कुरकुरीत झाली, एका ताईंनी तर हिरवं शेडनेट दुहेरी लावून पण काही वाचलं नाही म्हणे. म्हणून यावेळी प्रश्न सगळे रानफुलांचेच घेतले, म्हणजे आपल्याच माळावर, टेकडीवर, रेल्वे लाईनच्या कडेला कुणी एक तांब्या पाणी न घालता फुलतात ती.

ताई, आमचं घर मानेवाड्याकडे, पश्चिमेचं तोंड. समोर कंपाऊंडला लागून दहा बाय तीन फुटाची मातीची पट्टी आहे, बाकी सगळी फरशी. दुपारी असं ऊन पडते की चप्पल बाहेर राहिली तं घालता येत नाही. दरवर्षी नर्सरीतून झाडं आणतो अन् मे मध्ये फेकतो. आपल्याकडचंच एखादं रानफूल सांगा ना, कमी पाण्यात राहणारं अन् दिसायलाही बरं. — एक काका, मानेवाडा

काका, कोरांटी लावा. पिवळी, काट्याची, जुन्या वाड्यांच्या कुंपणाला असायची ती. वज्रदंती म्हणून मंजनाच्या डब्यावर जिचं नाव वाचता ती पण हीच. दिवाळीच्या आसपास फुलायला लागते ते संक्रांतीपर्यंत चालते, रंग असा की लांबून लक्ष जातं. आणि पट्टीच्या एका टोकाला एक तरवड. त्याचीही फुलं पिवळीच, पण मोठी, झुपक्यात, पावसाळा सरता सरता नवरात्रात तर झाड भरून जातं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पलीकडे तेलंगणात बतुकम्माच्या सणाला जी पिवळी फुलं रचतात त्यात हा तरवड असतोच, त्यांचं ते राज्यफूल आहे.

आता थोडं समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथंच फसतात. आपल्याला वाटतं नागपूर म्हणजे ऊन, म्हणजे वाळवंटातलं झाड चालेल, मग कॅक्टस आणतात, सक्युलंट आणतात. पण नागपूर वाळवंट नाहीच आहे हो. 2013 च्या मे मध्ये पारा 47.9 वर गेला होता हे खरं, पण पाऊसही वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे इथल्या झाडाला आठ महिने कोरडं राहायचं असतं अन् चार महिने पायाशी पाणी सोसायचं असतं, त्यात खाली काळी माती असेल तर विचारूच नका. बाहेरचं वाळवंटी झाड मे काढतं अन् ऑगस्टमध्ये बुडाशी सडून बसतं. कोरांटी, तरवड ही मंडळी दोन्ही बघत आलेली आहेत, पण तीसुद्धा मुरमाच्या उतारावर, जिथं पाणी थांबत नाही तिथं. तुमच्या पट्टीत तसं करून द्यायचं एवढंच आपलं काम.

तर पट्टीतली वरची फूटभर माती काढा, त्यात दोन भाग मुरूम आणि एक भाग तीच काळी माती असं मिसळून परत भरा, आणि फरशीच्या पातळीपेक्षा आठ-दहा इंच उंच वरंब्यासारखं करा. शेणखत अगदी थोडं, टोपलीभर पुरे. युरिया अजिबात नको, नुसता पाला माजतो, फांद्या लुळ्या पडतात अन् फूल कमी. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावायचं. मे मध्ये आणून लावू नका, दुकानात कितीही ताजं दिसलं तरी. पावसाळाभर मूळ खाली उतरतं, तेच पुढच्या उन्हाळ्याचं भांडवल. कोरांटीच्या दोन झाडांत अडीच फूट सोडा, तरवडाला पाचेक फूट लागतात म्हणून तो टोकाला म्हटलं. आणि कोरांटी गेटच्या अगदी जवळ नको, काटे बारीक असतात पण बोचले की लक्षात राहतात.

पाण्याचं नीट ऐका काका. कमी पाण्याचं झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून बिनपाण्याचं झाड नाही. पहिल्या उन्हाळ्यात दर आठवड्याला एकदा, संध्याकाळी, एका झाडाला एक बादली, सावकाश मुरेल असं. रोज मगभर घालाल तर मूळ वरच्या वर फिरत राहील अन् जमीन तापली की तेच भाजेल. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एकदा, आणि तिसऱ्यापासून पानं फारच मलूल दिसली तरच. बुडाशी सोयाबीनचं नाहीतर तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, तीन इंच पसरा, फक्त खोडाला टेकवू नका, उधई लागते. मे मध्ये कोरांटी पानं गाळून काटकी होऊन उभी राहील, घाबरून पाणी वाढवू नका, फांदीला नखानं खरवडून बघा, आत हिरवं आहे ना, मग राहू द्या. छाटणी फेब्रुवारीत, फुलं संपली की एक तृतीयांश. एप्रिल-मे मध्ये कात्री हातात घ्यायची नाही, उघडी पडलेली खोडं भाजतात.

तरवडाच्या शेंगा आणल्या होत्या फिरायला गेलो तेव्हा, बिया पेरल्या, महिना झाला तरी एक उगवली नाही. बी खराब होतं का? — एक वाचक, हिंगणा रोड

बी खराब नसेल, कडक असेल. या कुळातल्या पुष्कळ बियांचं कवच असं असतं की पाणी आत शिरतच नाही, रानात ते कवच ऊन-पाऊस खाऊन हळूहळू झिजतं आणि सगळ्या बिया एकाच वर्षी उगवत नाहीत, म्हणजे एखाद्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला तरी वंश शिल्लक राहतो. आपल्याला एवढी फुरसत नसते म्हणून पॉलिश पेपरवर बी घासायचं, चमक जाईपर्यंत, बस, आतला गर दिसू द्यायचा नाही. नाहीतर पाणी उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग बिया टाका अन् रात्रभर तशाच राहू द्या. सकाळी फुगलेल्या असतील त्या पेरा, न फुगलेल्यांना परत तोच प्रयोग. ज्या बियांना बारीक भोक दिसतंय त्या आधीच बाजूला काढा, त्या किड्यानं खाल्लेल्या असतात.

पेरताना शक्य तो जागेवरच पेरा. तरवडाचं सोटमूळ लवकर खोल जातं, मोठं रोप उपटून दुसरीकडे लावलं की रुसतं. पिशवीत करायचंच असेल तर उंच पिशवी घ्या आणि रोप वीतभर झालं की लगेच जमिनीत.

कोरांटीचं याच्या उलट आहे, तिला बी नसलं तरी चालतं, पावसाळ्यात वीतभराची अर्धवट पिकलेली फांदी खोचली की मूळ फुटतं. शेजाऱ्यांकडून फांदी मागायची, याहून स्वस्त झाड नाही. बीच हवं असेल तर बोंडं तपकिरी व्हायला लागली की काढून कागदी पिशवीत तोंड बांधून ठेवा, उघड्या ताटात ठेवाल तर तडकून बी घरभर उडेल. बी ओलं झालं की अंगावरची लव चिकट होते, ते बघून फेकू नका, ते तसंच असतं.

आणि एक, तुम्ही शेंगा आणल्या ते ठीक, मूठभर बी घेतल्यानं काही बिघडत नाही, पण काही जण सेमिनरी हिल्सला नाहीतर गोरेवाड्याकडे जाऊन अख्खं झाडच उपटून आणतात. वनखात्याच्या जागेतून असं काही आणणं 1927 च्या वन कायद्यात बसत नाही हा एक भाग, आणि दुसरा भाग असा की ते जगतही नाही. निम्मं मूळ तिथंच राहतं.

माझी कोरांटी मागच्या ऑगस्टमध्ये पिवळी पडून पडून गेली. मला वाटलं पाणी कमी पडते म्हणून पाऊस नसला की मी घालून राहिली होती. असं काहून झालं? — एक ताई, नंदनवन

ताई, पाण्यानंच गेली ती. काळ्या मातीत पावसाचं पाणी आठवडाभर सुद्धा हटत नाही, वरून कोरडी दिसते आणि चार बोटं खाली लगदा असतो, मुळांना हवा मिळत नाही, सडतात, आणि सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही म्हणून पान मलूल होतं. आपण बघतो पान मलूल, घालतो अजून पाणी. जून ते सप्टेंबर कोरांटीला हातानं पाणी नकोच, मध्ये दोन आठवडे पावसानं दडी मारली तरी नको. बाकीच्या महिन्यांत बोट खुपसून बघायची सवय लावा, दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच पाण्याचा विचार. यंदा त्याच खड्ड्यात परत लावू नका, जागा बदला नाहीतर वरंबा करा.

कूलरचं पाणी झाडाला घालावं का? आमच्याकडे तीन कूलर आहेत, पाणी वाया जाते. — एक वाचक, प्रतापनगर

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि आलाच पाहिजे, नागपुरात कूलर नाही असं घर दाखवा मला.

कूलरमध्ये पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. तुम्ही वरून रोज भरता, म्हणजे रोज नवीन क्षार येतात अन् जुने तिथंच. मे पर्यंत टाकीच्या कडेला अन् ताट्यांवर तो पांढरा थर जमतो, बघितलाच असेल, तेच सगळं तुम्ही कुंडीत ओतता. पावसाळ्यात असतं तर धुऊन गेलं असतं, उन्हाळ्यात ते मुळाशी साठत जातं आणि पानाच्या कडा करपतात. बऱ्याचदा लोक ज्याला उन्हानं जळालं म्हणतात ते हे असतं. ऊन लागलं तर पानाच्या मधल्या भागावर पांढुरका-तपकिरी डाग पडतो, आणि जी बाजू उन्हाकडे आहे तिथंच. क्षारानं कडा अन् टोकं जळतात, सगळीकडून सारखी.

म्हणून असं करा, टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करायचीच, डासांसाठी तशीही करायला पाहिजे, म्हणजे पाणी फार खारट होत नाही. ते पाणी जमिनीतल्या मोठ्या झाडांना घाला, कडुनिंब, बोगनवेल, आणि दर वेळी नाही, एक पाळी याचं तर एक पाळी साध्या नळाचं. कुंड्यांना घालू नका. कूलरमध्ये खसचं अत्तर किंवा कसली औषधी गोळी टाकत असाल तर ते पाणी सरळ नालीत. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही हेच, त्यातही घरी बोअरिंगचं पाणी असेल तर जास्तच सांभाळून.

कोरांटीवर काळ्या काटेरी अळ्या झाल्या, अर्धी पानं खाल्ली. कोणतं औषध मारू? — एक दादा, कामठी

काहीच मारू नका दादा. यलो पॅन्सी म्हणून पिवळं-काळं फुलपाखरू आहे, मागच्या पंखावर निळा ठिपका, उन्हात जमिनीवर पंख पसरून बसतं, त्याच्या अळ्या कोरांटीवर वाढतात. लेमन पॅन्सीच्या पण. काटेरी दिसतात तरी चावत नाहीत. पंधरा-वीस दिवसांत त्या कोषात जातात अन् पावसाळ्याचे दिवस असतील तर झाड परत पानं काढतं. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या काडीनं उचलून मोठ्या झाडावर सोडा. तरवडावर हिरव्या अळ्या दिसल्या तर त्या फिक्या पिवळ्या-पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या असतात, त्यांनाही हाच न्याय.

औषध मारलं तर भुंगे पण जातात आणि तरवडाला त्यांचीच गरज असते. त्याच्या फुलात मध नसतो, परागही उघड्यावर नसतात, बारीक नळीत कोंडलेले असतात. तो मोठा काळा भुंगा येऊन फुलाला लटकतो अन् घूं घूं करत अंग थरथरवतो तेव्हा ते पराग बाहेर उडतात. सकाळी उभं राहून बघा, आवाज ऐकू येतो चांगला.

कळलावीचा वेल लावला होता, सुंदर फुलं आली, नोव्हेंबरमध्ये सगळा वाळून गेला. कितीही पाणी घातलं तरी फुटला नाही म्हणून कुंडी रिकामी केली. परत आणू का? — एक काकू, रामटेक

अहो काकू, तो मेला नव्हता! कळलावीचं असंच असतं. पावसाळ्यात वर येते, पानांच्या टोकांनी जे सापडेल त्याला धरत चढते, पिवळी-लाल ज्वाळेसारखी फुलं देते अन् थंडी लागली की वरचा सगळा पसारा टाकून देऊन कंद जमिनीत झोपतो. आपला अख्खा उन्हाळा ती झोपूनच काढते. त्या दिवसांत पाणी घातलं तर कंद कुजतो, म्हणून वेल वाळला की कुंडी एका कोपऱ्यात, सावलीत, पार कोरडी ठेवून द्यायची आणि जूनमध्ये परत बाहेर काढायची. कुंडीवर तारीख लिहून ठेवा, घरातलं कोणीतरी रिकामी समजून मिरच्या लावतं हमखास.

नवीन आणाल तर कंद आडवा, दोन-तीन इंच खोल, भुसभुशीत मातीत, आणि चढायला जाळी. कंदाच्या टोकाला कोंब असतो तो मोडला तर त्या वर्षी काही येत नाही.

पण आणायच्या आधी घरात कोण कोण आहे ते बघा. कळलावी पूर्ण विषारी आहे, कंद आणि बी सगळ्यात जास्त, त्यात कोल्चिसिन असतं आणि त्यानं माणसं दगावलेली आहेत. लहान नातवंडं येत-जात असतील, कुत्रा माती उकरणारा असेल, शेळ्या असतील तर सरळ नको. कंद हाताळताना हातमोजे घाला, आणि तो स्वयंपाकघरात रताळी-सुरणाच्या टोपलीजवळ ठेवू नका. कुणी औषध म्हणून मागितला तरी देऊ नका. फोटोसाठी जंगलातली बघावी, मला विचाराल तर.

सासूबाई म्हणतात दारात काट्याचं झाड लावलं की घरात भांडणं होतात. कोरांटी लावायची माझी लय इच्छा आहे. — एक वाचक, महाल

मग मागच्या अंगणात लावा. नाहीतर त्यांना सांगा की गुलाबालाही काटेच असतात, पण हे सांगूनच भांडण होणार असेल तर बिनकाट्याची जांभळी कोरांटी मिळते, ती लावा, थोडं जास्त पाणी मागते पण तशी कणखर आहे. पूजेला फुलं मिळायला लागली की विरोध मावळतो बऱ्याच ठिकाणी.

रायमुनिया पण रानटीच ना? कुंपणाला आपोआप आली आहे, रंगीत फुलं येतात, पाणी लागत नाही. ती ठेवली तं चालेल? — एक वाचक, वाडी

नाही, काढा. आपोआप येते म्हणून आपली होत नाही. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, अमेरिकेतली, इंग्रजांच्या काळात शोभेसाठी बागेत आणली अन् पक्ष्यांनी फळं खाऊन जंगलभर पसरवली, खाली गवतसुद्धा उगवू देत नाही आणि जनावरांना पाल्यानं विषबाधा होते. वनखात्याचे लोक पेंचसारख्या जंगलात तीच उपटण्यात घाम गाळतात. गाजर गवताचंही तेच, तेही अमेरिकेचंच. पावसाळ्यात माती ओली असताना मुळासकट ओढा, नुसती छाटली तर दुप्पट येते. जागा रिकामी झाली की वर सांगितल्याप्रमाणे कोरांटीच्या फांद्या खोचा, कुंपण तसंच्या तसं राहील.

आम्ही सहाव्या मजल्यावर, बाल्कनी दक्षिणेची, झाड मोठं नको. लटकत्या कुंडीत काही जमेल? — एक ताई, मनीषनगर

विष्णुक्रांता लावा ताई. जमिनीसरशी पसरणारी, नखाएवढी निळी फुलं, सकाळी उघडतात अन् दुपारपर्यंत मिटतात, त्यामुळे ऑफिसला जायच्या आधीच बघून घ्यायची. रानात ती मुरमाड जागी, गवताच्या मधे मधे असते. नर्सरीत शंखपुष्पी म्हणून जे रुपेरी पानाचं, मोठ्या निळ्या फुलाचं झाड देतात ते बहुतेक वेळा ब्राझीलचं असतं, सुंदर आहे पण पाणी जास्त पितं, आपली विष्णुक्रांता अंगानं बारीक असते अन् फूल लहान. औषधी वनस्पती ठेवणाऱ्या नर्सरीत विचारा, किंवा कुणाच्या प्लॉटवर आपोआप उगवली असेल तर तिथलं बी मागा.

उथळ मातीची कुंडी घ्या, प्लास्टिकची नको, ती दुपारी तापते अन् मुळं आतल्या आत उकडतात. माती, जाड रेती आणि बारीक मुरूम सारखे मिसळा, खत चिमूटभर. सहाव्या मजल्यावर वारा पण सुकवतो, त्यामुळे कुंडीतल्या झाडाला जमिनीतल्यासारखं आठवडाभर सोडता येणार नाही, उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी लागेलच, मुळांपर्यंत पोचेल अन् खालच्या भोकातून थेंब पडेल इतकं. पावसाची झड आत येत असेल तर कुंडी भिंतीकडे सरकवा. आणि कुंडीखालची थाळी जूनपासून काढूनच टाका, त्यात पाणी साचलं की डेंग्यूचे डास तिथंच अंडी घालतात, मनपाचे लोक तपासायला आले की पहिले त्याच बघतात.